पन्नास सेंटांचं पाठ्यपुस्तक

अमेरिकेतली गुलामगिरीविरोधी चळवळ आणि त्या काळातलं अमेरिकन साहित्य शाळा-कॉलेजात कसं शिकवलं जातं, यावर एकदा बोला, असं काही जणांनी सुचवलं होतं. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे, साहित्याचाही नव्हे. माझी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. पण या विषयाचं माझ्यावर एक जुनं देणं आहे, म्हणून मी हो म्हटलं.

देणं असं. नीतिशास्त्राच्या पेपरात आम्हाला थोरो होता. दरवर्षी मी दोन तासांत तो उरकत असे. १८४६ च्या जुलैत त्याने कर भरायला नकार दिला, एक रात्र तुरुंगात काढली, त्यावर १८४९ मध्ये निबंध छापला, पुढे गांधीजींनी तो वाचला, मार्टिन ल्यूथर किंग यांनी वाचला. झाला थोरो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बोलणारा मुलगा नव्हता तो. म्हणाला, "सर, थोरो एक रात्र आत राहिला. ज्यांच्यासाठी राहिला, ते काय म्हणत होते?" मी म्हटलं, "ते सिलॅबसमध्ये नाहीत." वर्ग हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला. त्याने वर्षभर दुसरा प्रश्न विचारला नाही.

माझं उत्तर खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. ते खरोखरच सिलॅबसमध्ये नव्हते. आणि फक्त आमच्याकडेच नव्हे, खुद्द अमेरिकेतही बराच काळ नव्हते. ते का नव्हते, हे आज बघायचं आहे. त्यासाठी सुरुवात करू एका शालेय पुस्तकापासून.

१७९७ साली बॉस्टनमध्ये कॅलेब बिंगहॅम नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी एक वाचनपाठ तयार केला. नाव 'द कोलंबियन ऑरेटर'. भाषणं, उतारे, संवाद. मुलांनी मोठ्याने म्हणायचे, वक्तृत्व सुधारायचं. आपल्याकडे स्पर्धेसाठी भाषणं पाठ करून घेतात ना, त्यातलाच प्रकार. पुस्तक गोऱ्या मुलांसाठी होतं, आणि अनेक वर्षं ते शाळांतून चाललं.

आता बाल्टिमोर शहर, साधारण १८३० चा सुमार. बारा-तेरा वर्षांचा एक गुलाम मुलगा, फ्रेडरिक, लोकांचे बूट पॉलिश करून पन्नास सेंट जमवतो आणि हे पुस्तक विकत घेतो. शाळकरी मुलं जी भाषणं पाठ करतात, ती याला वाचायची असतात. त्या पुस्तकात एक संवाद आहे, मालक आणि गुलाम यांच्यातला. पळून जाताना पुन्हा पकडला गेलेला गुलाम मालकाशी वाद घालतो, एकेक मुद्दा खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला मोकळं करतो. शाळकरी मुलांनी आवाज चढवून-उतरवून म्हणायचा हा धडा. तो लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित एवढंच असेल की पोरांनी नीट उच्चार करावेत. पण तो कुणाच्या हाती पडला बघा.

हा मुलगा म्हणजे पुढचा फ्रेडरिक डग्लस. त्याला अक्षरं कशी आली, ती हकिगत त्याने १८४५ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. मालकीणबाई सोफिया ऑल्ड यांनी हौसेनं एबीसी शिकवायला सुरुवात केली. नवऱ्याला कळलं, त्याने थांबवलं. कारण काय दिलं? शिकला की हा गुलाम म्हणून निकामी होईल, कुणाला आवरणार नाही. हे त्याने मुलाच्या देखत सांगितलं! मुलाला त्या क्षणी जे कळलं ते मालकाच्या ध्यानीमनी नव्हतं. याला बांधून ठेवणारी साखळी कुठे आहे, ते मालकानेच बोट दाखवून सांगितलं. डग्लस स्वतः लिहितो की वाचायला शिकण्याचं जितकं ऋण मालकिणीच्या मायेचं, जवळजवळ तितकंच मालकाच्या विरोधाचं.

मग तो गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. याच्याकडे पाव असायचा, त्यांच्या पोटात भूक असायची. त्या पोरांची नावं त्याने पुस्तकात दिलेली नाहीत. गुलामाला शिकवलं हे उघड झालं तर त्यांना त्रास होईल, म्हणून. लिहायला शिकला तो जहाजबांधणीच्या आवारात. सुतार लाकूड तासून, ते जहाजाच्या कुठल्या बाजूला बसवायचं त्याप्रमाणे त्यावर एक-दोन अक्षरं लिहीत. डावी बाजू असेल तर एल, उजवी असेल तर एस, पुढचा भाग असेल तर त्याला जोडून एफ. त्याने ती चार अक्षरं गिरवली. मग एखादा लिहिता येणारा मुलगा भेटला की म्हणायचं, "मला तुझ्याइतकंच छान लिहिता येतं." तो म्हणणार, दाखव बरं. हा चार अक्षरं काढणार, तो याला हरवायला आणखी दहा काढणार. फळ्याऐवजी कुंपणाची फळी, विटांची भिंत, फरसबंदी; आणि हाती खडू. मी चाळीस वर्षं शिकवलं, पण शिक्षकाला नकळत शिक्षक करण्याची इतकी साधी युक्ती मला कुणी सांगितली नव्हती.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हेगेलचं मालक-गुलामाचं प्रकरण शिकवतो. मुलं घाम पुसतात. १८३४ साली, सोळाव्या वर्षी, कव्ही नावाच्या माणसाशी डग्लसने झटापट केली. गुलामांना 'सरळ करण्यासाठी' लोक त्यांना या माणसाकडे पाठवत असत. झटापटीनंतर कव्हीने त्याच्यावर पुन्हा हात उगारला नाही. हे प्रकरण आधी वाचून घ्यावं आणि मग हेगेल काढावा, असं आता माझं मत आहे. उशिरा झालं, पण झालं.

दक्षिणेत अनेक राज्यांनी गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हाच ठरवला होता. दक्षिण कॅरोलिनात लिहायला शिकवण्यावर १७४० पासून बंदी. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचं बंड झालं. टर्नर स्वतः वाचणारा माणूस, बायबल वाचणारा. त्यानंतर पकड आणखी आवळली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीला बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केलं होतं. ते १८६५ च्या अखेरपर्यंत, म्हणजे गुलामगिरी घटनेने रद्द होईपर्यंत चाललं. दोन वर्षांनी, १८३३ मध्ये, फिलाडेल्फियात अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाली. ही सनावळी कुठल्याही पुस्तकात मिळेल, मी तिथे रेंगाळत नाही.

रेंगाळायचं आहे ते उत्तरेतल्या शाळांपाशी. कारण दक्षिण वाईट, उत्तर चांगली, अशी एक सोयीची गोष्ट आपण सांगत असतो. कनेटिकट राज्यातल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल नावाच्या बाईंची मुलींची शाळा होती. त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला. गोऱ्या पालकांनी आपापल्या मुली काढून घेतल्या. बाईंनी काय करावं? त्यांनी शाळा बंद केली आणि १८३३ च्या एप्रिलमध्ये फक्त कृष्णवर्णीय मुलींसाठी पुन्हा उघडली. दुकानदारांनी सामान देणं थांबवलं, विहिरीत घाण टाकली गेली. मे महिन्यात राज्याने खास कायदा करून ही शाळा बेकायदा ठरवली, बाईंना एक रात्र तुरुंगात काढावी लागली. थोरोच्या एका रात्रीच्या तेरा वर्षं आधीची ही एक रात्र, आणि ती मी वर्गात कधीही सांगितली नाही. १८३४ च्या सप्टेंबरमध्ये जमावाने शाळेच्या खिडक्या फोडल्या, आणि शाळा बंद झाली. अर्ध्या शतकानंतर, १८८६ मध्ये, त्याच राज्याने त्यांना वर्षाला चारशे डॉलर पेन्शन मंजूर केली. त्यासाठी आवाज उठवणाऱ्यांत मार्क ट्वेन होता.

न्यू हॅम्पशायरमधल्या कनान गावी नॉयस अकॅडमी होती. तिथे गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकत. १८३५ च्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी बैलांच्या जोड्यांवर जोड्या जुंपल्या आणि शाळेची इमारत पायापासून उचकटून ओढून नेली. शाळेला कुलूप लावलेलं आपण पाहतो. शाळा ओढून नेलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही. तिथे शिकत असलेल्या मुलांपैकी दोघे, हेन्री हायलंड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल, पुढे मोठे वक्ते आणि विचारवंत झाले.

आणि बॉस्टन, चळवळीचं माहेरघर. सारा रॉबर्ट्स ही पाच वर्षांची मुलगी. घरापासून तिच्या शाळेच्या वाटेवर गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागत, पण तिला त्या ओलांडून कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावं लागे. वडिलांनी शहरावर दावा लावला. वकील होते रॉबर्ट मॉरिस, स्वतः कृष्णवर्णीय, आणि चार्ल्स समनर. १८५० मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी दावा फेटाळला. १८९६ मध्ये 'वेगळे पण समान' या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा याच निकालाचा आधार घेतला गेला. मात्र मॅसॅच्युसेट्सने स्वतः १८५५ मध्ये कायदा करून शाळांतली ही विभागणी मोडली.

आता साहित्य. हे न्यायमूर्ती शॉ म्हणजे हर्मन मेलविलचे सासरे. १८५१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मेलविल 'मोबी डिक' लिहीत होता त्याच दिवसांत, थॉमस सिम्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला याच शॉसाहेबांच्या न्यायालयाने सोडवलं नाही आणि त्याला जॉर्जियाला परत धाडण्यात आलं. पाठोपाठ, १८५५ मध्ये, मेलविलने 'बेनितो सेरेनो' ही गोष्ट लिहिली. गुलामांनी ताब्यात घेतलेलं जहाज, आणि समोर उभ्या असलेल्या सज्जन अमेरिकन कप्तानाला शेवटपर्यंत काही दिसत नाही! सासऱ्यांच्या घरी जेवताना मेलविलला काय वाटत असेल, कोण जाणे.

सिम्सला परत पाठवलं ते १८५० च्या कायद्याने. पळून आलेल्या माणसाला पकडून द्यायला या कायद्याने उत्तरेतल्या माणसालाही बांधलं. त्याच्या संतापातून हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' जन्मली. १८५१ च्या जूनपासून साप्ताहिकात क्रमशः, १८५२ च्या मार्चमध्ये पुस्तकरूपात. पहिल्या वर्षात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. लिंकन त्यांना म्हणे काहीतरी बोलले होते, ती आख्यायिका आहे, परीक्षेत लिहू नका. पुढे नाटकवाल्यांनी टॉमचं असं काही केलं की त्याचं नाव ही शिवी झाली, आणि १९४९ मध्ये जेम्स बाल्डविनने कादंबरीवरच कठोर निबंध लिहिला. दोन्ही वाचावं. मला स्वतःला ती कादंबरी भाबडी वाटते, पण तिने लोकांना रडवलं आणि रडलेल्या लोकांपैकी काही उठून कामाला लागले, हे नाकारता येत नाही.

थोरोकडे परत येऊ. कॉन्कर्डमध्ये बायकांची गुलामगिरीविरोधी संस्था १८३७ पासून होती. थोरोची आई, बहिणी त्यात होत्या. १ ऑगस्ट १८४४ रोजी एमर्सन यांचं भाषण याच बायकांनी ठेवलं होतं. सभेची घंटा वाजवायला कुणी तयार होईना, तेव्हा थोरोने जाऊन ती वाजवली. १८५१ मध्ये त्याने हेन्री विल्यम्स नावाच्या पळून आलेल्या माणसाला कॅनडाच्या वाटेला लावलं, रोजनिशीत नोंद आहे. आपण जंगलात एकटा बसलेला थोरो शिकवतो. त्याच्या घरात आई आणि बहिणी काय करत होत्या, ते शिकवत नाही.

आणि हॅरिएट जेकब्स. उत्तर कॅरोलिनातल्या ईडनटनला, मालकाच्या छळातून सुटण्यासाठी ही बाई आजीच्या घराच्या माळ्यावर सुमारे सात वर्षं लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि उंची जास्तीत जास्त तीन फूट. उभं राहता येत नव्हतं. एक भोक पाडून त्यातून ती खाली खेळणाऱ्या आपल्या मुलांकडे बघायची. मुलांना माहीत नव्हतं. १८६१ मध्ये तिने टोपणनावाने आत्मकथन छापलं. पुढे विद्वानांनी ठरवून टाकलं की ही कादंबरी असावी, कुणा गोऱ्या बाईने लिहिलेली. जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने पत्रं शोधली, पुरावे जुळवले, आणि १९८७ च्या आवृत्तीत सगळं सिद्ध केलं. १९८७! मी तेव्हा नोकरीत होतो, हेगेल शिकवत होतो.

डग्लसचं तेच. १९४१ मध्ये मॅथिसेन यांचा 'अमेरिकन रेनेसाँ' हा ग्रंथ आला. त्याने एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलविल आणि व्हिटमन हे पाच जण अभ्यासक्रमाच्या मध्यभागी बसवले. माणसं थोर, पुस्तकही थोर. पण १८४५ चं डग्लसचं आत्मचरित्र त्या काळी बाजारात मिळतच नव्हतं. ते नव्याने निघालं १९६० मध्ये, बेंजामिन क्वार्ल्स यांच्या संपादनात. छापील पुस्तकच नसेल तर शिक्षक काय शिकवणार? अभ्यासक्रमातून कुणी वगळतं असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कुणी वगळत नाही, पुस्तक फक्त पुन्हा छापत नाहीत.

आता आपल्याकडचा धागा, कारण तो खरा आहे. जोतीराव फुले आणि डग्लस समकालीन. फुल्यांनी अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली. या सिंथिया फरार अमेरिकन मिशनच्या. त्यांच्या मिशनला पैसा पाठवणाऱ्या बोस्टनच्या मंडळावर मात्र चळवळीतले लोक नाराज होते, की तुम्ही गुलाममालकांची देणगी घेता. त्या रागातून १८४६ मध्ये वेगळी मिशनरी संस्था निघाली. गुंतागुंत अशी असते. आणि १८७३ मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. आमच्या पिढीला शाळेत पुस्तकाचं नाव आणि साल पाठ होतं. अर्पणपत्रिका कुणी उघडून दाखवली नाही.

व्याख्यान संपल्यावर विचारतात, "सर, सुरुवात कुठून करू?" आधीच सांगतो. डग्लसचं १८४५ चं छोटं पुस्तक घ्या. अकरा प्रकरणं आहेत. सहावं आणि सातवं एका बैठकीत वाचा. ऑल्ड, पाव, जहाजाच्या फळ्या, ते पुस्तक, सगळं त्यात आहे. दहावं दुसऱ्या दिवशी, ते दमवतं. मग जेकब्स. थोरो त्यानंतर, आणि आमचा हेगेल सवड मिळाली तर.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पन्नाशीचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. ऐकत असेल तर, बाबा रे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सातव्या प्रकरणात आहे.