स्ववशा की दासजीवन? : अंगसंस्काराच्या व्यवसायाचा एक ऐतिहासिक विचार

व्यवसायांच्या इतिहासात विणकर, सुतार, लोहार यांच्या कारागिरीचा जितका विचार झाला, तितका अंगसंस्काराच्या कारागिरीचा झालेला नाही. उटणे लावणे, मर्दन करणे, केशरचना करणे, मुखाची कांती राखणे ही कामे घरगुती शृंगाराच्या सदरात टाकली गेली; आणि ती करून उपजीविका चालविणारा एक वर्ग समाजात प्राचीन काळापासून होता, ही गोष्ट दृष्टीआड झाली. आज याच कामांभोवती अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे, कंपन्या आणि कायदे उभे राहिले आहेत. 'ब्युटी थेरपिस्ट', 'एस्थेटिशियन', 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' अशी नवी नावे रूढ होत आहेत. ही स्थित्यंतरे सर्वस्वी नवी आहेत, की एका जुन्या प्रश्नाचेच ते नवे रूप आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

अमरकोशाच्या मनुष्यवर्गात 'सैरंध्री' या शब्दाचा अर्थ दिलेला आहे. परगृही राहणारी, परंतु स्ववश असणारी शिल्पकारिका, असा त्याचा आशय आहे. 'शिल्पकारिका' या पदाने तिच्या कामास शिल्पाची प्रतिष्ठा मिळते आणि 'स्ववशा' या पदाने ती दासीपासून वेगळी होते. उलटपक्षी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात संकरजातींच्या प्रकरणी 'सैरिंध्र' येतो. प्रसाधन व उपचार जाणणारा, दास नसूनही दासाप्रमाणे जगणारा, असे त्याचे वर्णन आहे. एकाच व्यवसायाविषयीची ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः कोशकाराने त्या व्यक्तीचे आपल्या कौशल्याशी असलेले नाते सांगितले आहे, तर स्मृतिकाराने तिचे समाजातील स्थान सांगितले आहे. कौशल्य स्वतःचे असले, तरी प्रतिष्ठा स्वतःच्या हाती नसते, हाच दोहोंचा एकत्रित अर्थ होय.

महाभारताच्या विराटपर्वात हा ताण कथारूपाने आलेला आहे. द्रौपदी सैरंध्रीच्या वेषाने सुदेष्णेकडे येते, तेव्हा आपणास केशरचना करता येते, उत्तम विलेपने वाटता येतात, माला गुंफता येतात, असे ती सांगते. आणि त्याबरोबरच उच्छिष्टास स्पर्श न करण्याची व पाय न धुण्याची अट कळविते. ती मूळची राणी होती, म्हणून तिने अट घातली, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु सुदेष्णेस ती राणी असल्याचे ठाऊक नव्हते. तरीही तिने ती अट मान्य केली. सेवेच्या मर्यादा सेवा करणाऱ्या स्त्रीने ठरवाव्यात, ही कल्पना त्या काळच्या श्रोत्यांस अगदीच असंभाव्य वाटत नसावी, एवढे अनुमान यावरून काढता येते. मात्र पुढे हीच सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी पाठविते. मालकिणीने मान्य केलेली अट घरातील सत्तेपुढे टिकली नाही. परक्याच्या घरात जाऊन काम करणाऱ्या स्त्रीच्या स्वातंत्र्याची मर्यादा या प्रसंगातून जितकी स्पष्ट होते, तितकी ती कोशातील व्याख्येवरून होत नाही.

२

आता या शिल्पाच्या ज्ञानाकडे वळू. कामसूत्रातील चौसष्ट कलांत अंगराग, गंधयुक्ती, उत्सादन, संवाहन व केशमर्दन यांचा समावेश आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीस स्वतंत्र अध्याय दिला. चरकसंहितेत वर्ण उजळविणाऱ्या दहा द्रव्यांचा 'वर्ण्य' गण असून त्यात चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा इत्यादींची गणना होते. सुश्रुताने व्यंग व मुखदूषिका यांचा विचार क्षुद्ररोगांत केला आहे. कल्याणी येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात स्नान व विलेपन यांस राजाच्या भोगांत स्थान मिळाले आहे.

या ग्रंथांचा कर्ता व अभिप्रेत वाचक पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. कामसूत्रात नागरक, आयुर्वेदात वैद्य आणि मानसोल्लासात राजा केंद्रस्थानी आहे. विलेपन वाटणारे हात या ग्रंथांतून जवळजवळ अदृश्य आहेत. ज्ञान लेखनबद्ध झाले, पण ते वापरून पोट भरणाऱ्याच्या नावे नव्हे. तसेच कांतीचा विचार प्रारंभापासूनच वैद्यक आणि शृंगार यांच्या सीमेवर राहिला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. या सीमेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे पुन्हा उपस्थित होतो.

३

महाराष्ट्रात हे काम गावगाड्यात न्हाव्याकडे, म्हणजे बारा बलुतेदारांपैकी एकाकडे होते. त्याचे कौशल्य वंशपरंपरेने येई आणि मोबदला धान्यरूपाने मिळे. काम नाकारण्यास त्यात फारसा वाव नव्हता. म्हणूनच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा जो निश्चय केला, त्याचे महत्त्व केवळ स्त्रीसुधारणेच्या इतिहासापुरते नाही. आपल्या हातातील वस्तरा कशासाठी चालेल, हे आपण ठरवू, असे एका सेवक मानलेल्या वर्गाने त्या वेळी सांगितले. अमरकोशातील 'स्ववश' या कल्पनेचा आधुनिक काळातील हा एक ठळक प्रत्यय होय.

४

विसाव्या शतकात या व्यवसायाचे संघटन झाले. १९४६ साली ब्रुसेल्स येथे 'सिडेस्को' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन होऊन सौंदर्योपचारांच्या शिक्षणास पदविकेचे स्वरूप येऊ लागले. भारतात १९५२ साली टाटा समूहाने 'लॅक्मे' सुरू केली. १९७०च्या दशकाच्या आरंभी शहनाझ हुसेन यांनी दिल्लीत आपल्या कार्यास प्रारंभ केला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट अधिसूचित झाल्यावर 'असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट' व 'ब्युटी थेरपिस्ट' यांसारख्या कामांच्या श्रेणी निश्चित झाल्या. जन्माने मिळणाऱ्या अधिकाराच्या जागी परीक्षेने मिळणारा अधिकार आला, ही मोठीच क्रांती म्हटली पाहिजे.

तथापि परीक्षेने सर्व दारे उघडली नाहीत. मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील रंगभूषाकारांच्या संघटनेचे नियम स्त्रियांना केवळ केशभूषेचे काम देत. रंगभूषाकार म्हणून त्यांस सभासदत्व मिळत नसे. शिक्षण असूनही काम नाही, अशी ही स्थिती होती. चारू खुराना विरुद्ध भारत संघराज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा निर्बंध रद्द ठरविला. ज्या शिल्पाची अधिष्ठात्री म्हणून प्राचीन वाङ्मयाने सैरंध्रीचे नाव घेतले, त्याच शिल्पातील एका शाखेत स्त्रीस प्रवेश मिळविण्यासाठी एकविसाव्या शतकात न्यायालयात जावे लागले, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

दुसरा वाद वैद्यकाच्या सीमेवरचा आहे. लेसर, रासायनिक लेप आणि केशरोपण यांमुळे सौंदर्योपचार पुन्हा वैद्यकाच्या कक्षेत गेले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या संबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळांत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान असे उपचार सुरू करण्यास पुरेसे प्रशिक्षण ठरत नाही, असे त्यांत बजावले आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु या रेषेच्या अलीकडे प्रशिक्षित उपचारिकेने कोणते काम स्वतःच्या जबाबदारीवर करावे, हेही तितक्याच स्पष्टपणे ठरले पाहिजे. अन्यथा उच्च मोबदल्याचे काम वैद्याकडे आणि सेवेचे काम तिच्याकडे, अशी जुनीच विभागणी नव्या नावाने चालू राहील.

तिसरी घटना सर्वांत अलीकडची. मोबाइल अॅपद्वारे मागणी नोंदवून घरी जाऊन सौंदर्यसेवा देण्याची पद्धत गेल्या दशकात महानगरांत रूढ झाली. या स्त्रिया कागदोपत्री कोणाच्या नोकर नाहीत. कंपनी त्यांना भागीदार म्हणते. पण कामाचा दर, कंपनीचे कमिशन आणि ग्राहकांनी दिलेले गुणांकन यांवर त्यांचे नियंत्रण नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अशा स्त्रियांनी एका कंपनीच्या कार्यालयासमोर निदर्शने केली, ती याच कारणासाठी. परगृही काम करणारी, नावाने स्वतंत्र, पण अटी दुसऱ्याने ठरविलेल्या, असे त्यांच्या स्थितीचे वर्णन करता येईल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने, जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला, अशा कामगारांची व्याख्या केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो त्यांना नेहमीच्या अर्थाने नोकर मानत नाही.

५

वरील विवेचनावरून असे म्हणावयास हरकत नाही की, या व्यवसायाच्या इतिहासात द्रव्ये, उपकरणे व नावे वारंवार बदलली, परंतु मूळ प्रश्न तोच राहिला. ज्ञान कोणाच्या नावे नोंदले जाते, अधिकार कोण देतो आणि अटी कोण ठरवितो, ही त्याची तीन अंगे होत. यांपैकी दुसऱ्या अंगात आधुनिक काळाने निश्चित प्रगती केली आहे. पहिले व तिसरे अद्याप बव्हंशी अनिर्णित आहे. या क्षेत्रातील नव्या वाटांचे मूल्यमापन करताना रोजगाराची संख्या किंवा उद्योगाची उलाढाल एवढेच निकष पुरेसे नाहीत. सैरंध्रीने सुदेष्णेपुढे ठेवलेल्या अटीसारखी अट आजच्या कारागीर स्त्रीस घालता येते काय, आणि घातल्यास ती कीचकाच्या दारापर्यंत टिकते काय, हाच इतिहासाच्या अभ्यासकाने लावावयाचा खरा निकष होय.