न आलेल्या चेंडूची नोंद

अमेरिकेत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यात पायापेक्षा हाताला काम अधिक. लांबट चेंडू एकाने फेकावयाचा आणि दुसऱ्याने धावत जाऊन तो झेलावयाचा. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या त्या गड्यास सावलीसारखा चिकटून राहणारा प्रतिपक्षाचा गडी, तो कॉर्नरबॅक. ह्या जागेसाठी माणूस निवडताना तेथे आकड्यांचे तक्ते मांडतात. आम्ही कामगार संघटनेत वावरणारी माणसे. माणसाचे काम मोजावे कसे, हा प्रश्न आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. म्हणून ह्या तक्त्यांचा इतिहास पाहू.

१९३६ साली फिलाडेल्फियात व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची पहिली वाटणी केली. दुबळ्या संघाने आधी निवडावे, ही कल्पना बर्ट बेल ह्या संघमालकाची. खेळाडूने कोणाकडे काम करावे, हे मालकांनी आपसांत ठरविले. निवडीस आधार होता तो बहुतांशी वर्तमानपत्रांचा आणि ऐकीव कीर्तीचा. १९६० नंतर डॅलसच्या संघाने ह्या कामी गणकयंत्र आणले. त्यामागे भारतात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी होते. १९८२ साली टॅम्पा येथे संघांनी मिळून खेळाडूंची चाचणी घेण्यास आरंभ केला. पुढे ही चाचणी इंडियानापोलिसला गेली. तेथे ४० यार्डांची धाव, उंच उडी, लांब उडी, सारे मोजतात. मग त्याच जागेच्या शंभरांपैकी किती जण ह्याच्या मागे आहेत, ते काढून कोळ्याच्या जाळ्यासारखा आलेख रेखतात.

ह्या जाळ्यात काय सापडत नाही? डिक लेन विमानाच्या कारखान्यात तेलकट पत्रे उचलीत असे. वाटणीत त्याचे नाव कोणी घेतले नव्हते. १९५२ साली तो आपण होऊन लॉस एंजेलिसच्या संघाच्या कचेरीत गेला आणि त्याच हंगामात १२ सामन्यांत प्रतिपक्षाचे १४ चेंडू त्याने मध्येच टिपले. हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. दुसऱ्या वर्षी त्याचा आकडा ३ झाला. हात मंदावला, की चेंडूच त्याच्या बाजूस कमी आले? नुसत्या आकड्यावरून उत्तर मिळत नाही.

न्यूयॉर्क जेट्सच्या डॅरेल रेव्हिसने २०१० साली एकही चेंडू टिपला नाही. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या यादीत तो होता. त्याच्या बाजूस चेंडू फेकण्यास प्रतिपक्षच कचरे. दुर्घटना न होऊ देणाऱ्या यंत्रचालकाचे काम असेच असते. न घडलेल्या गोष्टीला रकाना कोठला?

हा प्रश्न भाकरीचा आहे. खेळाडूंची संघटना १९५६ साली उभी राहिली. १९७६ साली न्यायालयाने त्या वेळच्या स्वरूपातील वाटणी मक्तेदारीविरोधी कायद्याविरुद्ध ठरविली. पण १९७७ च्या करारात फेऱ्या १७ वरून १२ करून घेऊन संघटनेने ती मान्य केली. २०११ च्या करारात नवख्याचे वेतन निवडीच्या क्रमांकास बांधले गेले, आणि पहिली तीन वर्षे तो करार बदलण्यासही बंदी आली. त्याच वर्षी रिचर्ड शर्मन १५४ वा निवडला गेला. २०१३ साली त्याने ८ चेंडू टिपून साऱ्या संघांतील खेळाडूंना मागे टाकले; पगार मात्र १५४ व्या क्रमांकाचाच राहिला.

आज चित्रफीत पाहून, कोणाच्या बाजूस किती चेंडू आले आणि किती झेलले गेले, हेही टिपतात. ही सुधारणा चांगली. मोजमापास आमचा विरोध नाही. मोजमाप नसते तेथे वशिला माजतो. परंतु ज्या तक्त्यावरून पगार ठरतो, तो ज्याचा आहे त्याला दिसला पाहिजे, त्याला त्यावर हरकत घेता आली पाहिजे, आणि काम पाहिल्यावर तो बदललाही पाहिजे. करारात एवढी तीन कलमे घालून घेणे, हे संघटनेचे काम आहे.