लोखंडी वाट

आल्प्स पर्वताचें नांव काढलें कीं आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमाच्छादित शिखरें, निळीं सरोवरें आणि चित्रांत शोभणारीं कुरणें उभीं राहतात. लोखंड मात्र कोणाच्याहि मनांत येत नाहीं. तथापि या पर्वताच्या कड्यांवर आज ठिकठिकाणीं जाड तारेचे दोर, शिड्या व पाय ठेवण्याच्या खुंट्या कायमच्या ठोकून बसविलेल्या आहेत. अशा मार्गास इटालियन भाषेंत 'व्हिया फेर्राता' म्हणजे लोखंडी वाट असें म्हणतात. प्रवाशाच्या कमरेस पट्टा असतो. त्यास दोन आंखूड दोर आणि प्रत्येकाच्या टोंकास एक कडी. तारेवरून सरकत जावयाचें, खुंटी आली कीं एक कडी पलीकडे अडकवावयाची आणि मगच दुसरी सोडावयाची. एवढा नियम पाळला व डोकें शांत ठेवलें, तर आठवडाभर कचेरींत लेखणी चालविणारा गृहस्थहि रविवारीं सकाळीं हजार फूट पोकळीच्या कांठावर उभा राहूं शकतो.

हें लोखंड डोंगरांत कोणीं ठोकलें, आणि कशासाठीं? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां पांचशें वर्षांचा एक विलक्षण इतिहास हातीं लागतो.

त्याचा आरंभ १४९२ सालीं होतो. कोलंबसाचीं गलबतें स्पेनच्या किनाऱ्यावरून निघण्यापूर्वीं पांच आठवडे, २६ जून रोजीं, फ्रान्सच्या आग्नेय भागांतील व्हेरकोर या डोंगराळ प्रदेशांत एक अद्भुत चढाई झाली. आल्प्सच्या पायथ्याच्या या रांगांत माँ एग्वीय नांवाचा, चोहोंकडून तुटलेला, सुमारें ६८०० फूट उंचीचा एकाकी पर्वत आहे. लोक त्यास अगम्य पर्वत म्हणत. राजा आठवा चार्ल्स याच्या नजरेस तो पडला आणि त्यानें आंत्वान द व्हील नामक आपल्या सरदारास वर जाण्याची आज्ञा केली. सरदारानें किल्ल्यास वेढा घालण्याची विद्याच डोंगरावर चालविली. सोबत राजाचा शिडीवाला घेतला, धर्मोपदेशक घेतले, आणि शिड्यांवर शिड्या लावीत माथा गांठला. वर पाहतात तों हिरवें कुरण, आणि त्यावर शॅम्वा जातीच्या रानबकऱ्यांचा कळप! तेथें त्यांनीं क्रूस उभारले, कांहीं दिवस मुक्काम केला आणि ग्रनोब्लच्या न्यायसभेस साक्षीदार पाठविण्याविषयीं पत्र धाडलें. आलेल्या अंमलदारानें शिड्या पाहिल्या, खालूनच आपली खात्री करून घेतली आणि चढण्यास साफ नकार दिला. आम्हांस या भल्या माणसाविषयीं मनापासून आपलेपणा वाटतो. त्यानंतर त्या माथ्यावर मनुष्य पोंचल्याची नोंद सांपडते ती एकदम १८३४ सालची. राजाज्ञेनें उघडलेली वाट राजाज्ञेबरोबरच मिटली.

पुढील शिड्या विद्येच्या नांवानें लागल्या. ऑस्ट्रियांतील डाखश्टाइन पर्वतावर १८४३ सालीं फ्रीडरिख सिमोनी या भूगोलज्ञानें लोखंडी खुंट्या, हात धरण्याच्या कड्या व जाड दोर बसवून घेतले. हाच गृहस्थ पुढें व्हिएन्ना विद्यापीठांत भूगोलाचा पहिला प्राध्यापक झाला. विद्येमागून पर्यटन आलें. प्राग येथील योहान श्ट्यूडल या व्यापाऱ्यानें १८६९ सालीं ग्रोसग्लोक्नर शिखराच्या एका धारेवर लोखंड ठोकविलें. पायथ्याच्या काल्स या गरीब खेड्यांतील वाटाड्यांचा संघ उभारण्यांतहि त्याचा हात होता. शिखराची वाट सोपी झाली म्हणजे प्रवासी येतील, आणि प्रवासी आले म्हणजे खेड्यांतील चुली पेटतील, हा हिशेब व्यापाऱ्यास शोभेल असाच होता. पण त्यांत माणुसकी नव्हती असें कोण म्हणेल? त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जर्मन आल्पाइन संघाचा तो एक संस्थापक होता. असल्या संघांनीं पुढें गिरिवासाच्या झोपड्या बांधल्या, वाटा आंखल्या, आणि १९०३ सालीं डोलोमाइट पर्वतांतील मार्मोलादा शिखराच्या पश्चिम धारेवर लोखंडी मार्ग तयार केला.

इतकें लोखंड झाल्यावर त्याविरुद्ध कोणी तरी उठणें क्रमप्राप्तच होतें. तो पुरुष म्हणजे पाउल प्रॉयस. डाखश्टाइनच्या जवळच आल्टाउस्से गांवीं १८८६ सालीं त्याचा जन्म झाला. १९११ सालीं त्यानें कृत्रिम साधनांवर एक निबंध लिहिला आणि गिर्यारोहकांच्या मंडळांत मोठाच वाद माजला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: खिळा हा आणीबाणीचा आधार आहे, चढाईचा पाया नव्हे; आणि ज्या वाटेनें आपणांस उतरतां येणार नाहीं त्या वाटेनें चढूं नये. टीटा पिआझ, हान्स ड्युल्फर यांसारख्या कसलेल्या गड्यांनीं त्यास विरोध केला. खिळ्यानें एक जीव वांचत असेल तर तत्त्वासाठीं तो कां गमवावा, हा त्यांचा सवाल. पुढें १९१३ च्या आक्टोबरांत प्रॉयस एकटाच, दोराशिवाय चढत असतां कोसळून मरण पावला. तो पडला ती रांग डाखश्टाइनच्याच समूहांतील. सत्तर वर्षांपूर्वीं सिमोनीनें लोखंड ठोकलें तो पर्वत तेथून फार दूर नाहीं.

आमच्या तरुणपणीं आम्ही हा वाद प्रथम वाचला तेव्हां आम्ही सर्वस्वीं प्रॉयसच्या बाजूचे होतों. पन्नाशी उलटल्यावर मत बदललें. तें गुडघ्यांमुळें बदललें असें आमचे विद्यार्थी म्हणतात. तें अगदींच खोटें नसेल. परंतु खरें कारण पुढील हकीकतींत आहे.

२३ मे १९१५ रोजीं इटलीनें ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलें आणि सरहद्दीवरील पर्वतरांगा एका रात्रींत रणभूमि झाल्या. ज्या शिखरांवर हौशी प्रवासी उन्हाळ्यांत दोन घटका बसत, तेथें आतां सैनिकांस हिंवाळा काढावयाचा होता. तोफा, दारूगोळा, लाकूडफांटा, भाकरी, सर्व कांहीं कड्यावरून वर न्यावयाचें. मग शिड्या लागल्या, दोर बांधले गेले, दऱ्यांवर फळ्या पडल्या. शर्यत कोणाची, साधनशुद्धि कसली, हे प्रश्नच उरले नाहींत.

पाटेर्नो शिखरासमोरील विश्रामगृहाचा चालक व नामांकित वाटाड्या झेप इनरकोफ्लर हा त्या वेळीं एकोणपन्नास वर्षांचा होता. ४ जुलै १९१५ रोजीं पहांटे तो कांहीं सोबत्यांसह या शिखरावरील इटालियन चौकीवर चालून गेला. ज्या खडकावर त्यानें पोटासाठीं पाहुणे चढविले, त्याच खडकावर तो पडला. पिएरो दे लूका नांवाच्या इटालियन पहाऱ्यावाल्यानें वरून लोटलेला धोंडा त्यास लागला असें सांगतात. त्याच्याच पक्षाच्या गोळ्यांनीं तो मेला असेंहि कांहींचें मत आहे. शत्रूनेंच त्यास शिखरावर मूठमाती दिली.

या वाटांवर केवळ सैनिकच नव्हते. पूर्वेकडे कार्निया प्रांतांतील बायका पाठीवरच्या करंड्यांत तीस-चाळीस किलो ओझें घालून तासचे तास चढण चढत आणि आघाडीवर पोंचवीत. खेपेस मजुरी दीड लिरा. मारिया प्लोत्स्नर मेंतिल ही चार मुलांची आई फेब्रुवारी १९१६ मध्यें अशाच एका खेपेंत नेमबाजाच्या गोळीस बळी पडली. आणि गोळीपेक्षां बर्फ निर्दय. १३ डिसेंबर १९१६ रोजीं मार्मोलादाच्या उतारावर ऑस्ट्रियन छावणीवर हिमकडा कोसळून सुमारें तीनशें माणसें एका क्षणांत गाडलीं गेलीं. छावणी हलवावी असें तेथील अधिकाऱ्यानें आधींच वर लिहिलें होतें. वरिष्ठांनीं ऐकलें नाहीं.

आल्प्सच्या पायथ्याच्या रांगांतील पासूबियो डोंगरावर इटालियन सैन्याची रसद ज्या रस्त्यानें जाई, तो शत्रूच्या तोफांच्या टप्प्यांत होता. म्हणून १९१७ च्या फेब्रुवारींत ३३ व्या सुरुंग तुकडीनें डोंगराच्या पोटांतून नवा रस्ता काढण्यास आरंभ केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं तो पुरा केला. लांबी सुमारें साडेसहा किलोमीटर, बोगदे ५२, बोगद्यांतील अंतर दोन किलोमीटरांहून अधिक. विसावा बोगदा तर एका सुळक्याच्या आंत मळसूत्रासारखा फिरत वर जातो. त्याच वर्षीं आक्टोबरांत कापोरेत्तो येथें इटलीचा मोड झाला आणि डोलोमाइटमधील शिखरांवरून सैन्य मागें घ्यावें लागलें. अडीच वर्षें ज्या खडकांसाठीं माणसें मेलीं ते एका आठवड्यांत ओसाड पडले. मागें राहिलें लोखंड.

पुढें गिर्यारोहक संघांनीं यांतील पुष्कळ जुने मार्ग दुरुस्त करून प्रवाशांस मोकळे केले. १९३० नंतरच्या दशकांत त्रेंतोच्या संघानें ब्रेंता पर्वतांत नवी वाट बांधावयास घेतली. ती मुद्दामच शिखरांवर जात नाहीं. सुळक्यांच्या कमरेवरील नैसर्गिक पट्टे एकमेकांस जोडीत जाते. प्रॉयसच्या पक्षास दिलेलें हें सुंदर उत्तर आहे, असें आम्ही समजतों. शिखर गड्यांसाठीं राखून ठेवलें, आणि पर्वताचें दर्शन मात्र सर्वांस दिलें. १९८८ च्या सुमारास फ्रान्सनेंहि असे मार्ग बांधण्यास आरंभ केला. ते मुख्यतः मौजेसाठीं. पासूबियोच्या बोगद्यांवरील धारेवरूनहि आतां एक लोखंडी वाट जाते.

लोखंडानें डोंगर पाळीव होतो, असें मात्र कोणीं समजूं नये. वादळांत तीच तार विजेस वाट देते. तारेवरून सुटलेला मनुष्य मागल्या खुंटीपर्यंत घसरत जातो, आणि तेथें बसणारा हिसका साध्या दोरास सोसत नाहीं. म्हणून हिसका गिळणारी विशेष योजना लागते. आणि ३ जुलै २०२२ रोजीं त्याच मार्मोलादावरून उन्हानें खिळखिळा झालेला हिमकडा तुटून अकरा आरोहक मेले. तेथें कोणतेंहि लोखंड उपयोगीं पडलें नसतें.

आमचें मत बदललें तें येथें. प्रॉयसचा आक्षेप असा कीं लोखंड मनुष्यास फुकटचें यश देतें. पण या वाटांपैकीं बऱ्याचशा फुकट नाहींत. त्यांचें मोल आधींच, दुसऱ्यांनीं, आणि इच्छा नसतां दिलेलें आहे. तें उपटून टाकल्यानें पर्वत शुद्ध होईल, पण ती माणसें तेवढीं विसरलीं जातील.

पाटेर्नो शिखरावर आज जी लोखंडी वाट जाते तिला दोन नांवें एकत्र दिलेलीं आहेत: दे लूका आणि इनरकोफ्लर. एक वरून धोंडा लोटणारा, दुसरा खालून चढणारा. दर उन्हाळ्यांत सर्व देशांचीं माणसें, कड्या अडकवीत आणि सोडवीत, त्या एकाच वाटेनें चढतात.