चौदा वर्षं लंडनात ठाण मांडलेला साताऱ्याचा वकील

मंडळी, परवा साताऱ्याला गेलो होतो. काम लवकर आटपलं म्हणून गेंडामाळावर चक्कर मारून आलो. इचलकरंजीतनं सातारा काही लांब नाही, पण रंगो बापूजी गुप्ते हे नाव आपल्याकडं किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे. म्हणून लिहितोय.

वकील म्हटलं की आपल्याला काळा कोट आठवतो. त्या काळी वकील म्हणजे दरबाराचा राजदूत. रंगो बापूजी हे साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे वकील. महाराजांवर कंपनी सरकारनं आरोप ठेवला, गोव्याच्या पोर्तुगीजांशी मिळून कट केल्याचा. गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असा सौदा. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं, काशीला धाडलं आणि भाऊ आप्पासाहेबांना बसवलं.

या अन्यायाची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले. तिथं इंग्रजी शिकले. कंपनीच्या भागधारकांची सभा भरायची, त्यात डायरेक्टरांना जाब विचारता यायचा. ही फट त्यांनी बरोबर हेरली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन असे इंग्रजच साताऱ्याची बाजू मांडायला उभे केले. स्वतः भाषणं केली, पत्रकं छापली. आजच्या भाषेत जनमत तयार करणं म्हणतात ते हेच! कंपनीचा हेका मात्र एकच. तुमचा राजाच राजा राहिला नाही, तर तुम्ही वकील कुणाचे?

१८४७ मध्ये महाराज काशीत वारले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केला. (आपले नारायणराव बाबासाहेब घोरपडे दत्तकच होते. तोच नियम इथं लावला असता तर इचलकरंजीचा इतिहास वेगळा झाला असता.) धनी गेला, राज्य गेलं, तरी हा माणूस आणखी पाच वर्षं लंडनातच. गावाकडनं पैसा येईना, डोक्यावर कर्ज. शेवटी १८५३ मध्ये ते कर्ज आणि परतीचं भाडं कुणी भरलं? ज्या कंपनीशी चौदा वर्षं भांडले, तिनंच. त्या बोटीत चढताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातनं जात नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या दारात येऊन उभ्या होत्या. जपाननं पुढं जगभर वकील पाठवले. पण त्यांच्या पाठीशी देश होता. रंगो बापूजींच्या पाठीशी कागदांचं गाठोडं.

अर्ज-विनंत्या करून झाल्या होत्या. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा बेत फुटला, त्यामागं इंग्रजांना हाच म्हातारा वकील दिसला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता.

बापावर इनाम लागलं होतं. ते कुणालाच मिळालं नाही. रंगो बापूजी कुठं गेले, कुठं वारले, याचा पत्ता इंग्रजांना शेवटपर्यंत लागला नाही.