चौकोनाचें पांचवें माप

भूमिति शिकणाऱ्या मुलाच्या मनांत एकदां तरी शंका येते: त्रिकोण काढावयास तीन बाजू पुरतात, मग चौकोनास चार कां पुरूं नयेत? मास्तर चार बाजूंखेरीज एक कर्ण सांगतात. मूल तो निमूटपणें घेतें आणि कंपास उघडतें. ह्या पांचव्या मापाचा आग्रह धरणारा ग्रंथ शिकविण्यासाठीं आठशें वर्षांपूर्वीं आपल्या खानदेशांत एक मठ उभा होता, ही गोष्ट जळगांव-धुळ्याच्या वाचकांस सांगावी असें आम्हांस वाटतें.

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशींत, पाटण हें जुनें स्थान आहे; पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्यांस तें परिचित आहे. तेथील एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यांत शके ११२८ हें वर्ष दिलेलें आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदि ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यांनीं येथें मठ स्थापिला आणि निकुंभ वंशांतील सोइदेव या मांडलिकानें त्यास वृत्ति दिली, असें त्यावरून कळतें. संस्कृत लेखाच्या शेवटीं त्या काळच्या मराठींतील ओळी आहेत. बाजारांतील विक्रीवरचा राजभाग मठास दिल्याची आणि चालत्या घाण्यामागें पळी पळी तेल देण्याची नोंद त्यांत आहे. विद्येच्या ह्या दिव्यांत गांवच्या तेल्याचेंहि तेल होतें.

‘लीलावती’ हा सिद्धान्तशिरोमणीचाच पाटीगणिताचा भाग. तो ग्रंथ ११५० सालचा. चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचा नियम ब्रह्मगुप्तानें ६२८ सालीं दिला होता. परंतु तो चारहि कोंपरे एका वर्तुळावर असतील तरच अचूक ठरतो. भास्कराचार्यांनीं तो चौकोनास स्थूल ठरविला. प्रत्येक बाजू २५ असली तरी कर्ण ३० व ४० असतां क्षेत्रफळ ६०० होतें, १४ व ४८ असतां ३३६, आणि चौरस झाला तर ६२५! म्हणूनच लंब किंवा कर्ण न सांगतां निश्चित क्षेत्रफळ विचारणारा आणि तें सांगणारा, अशा दोघांनाहि त्यांनीं पिशाच्च म्हटलें आहे.

त्यांचें दुसरें उदाहरण आपणच काढून पाहावें. बाजू १४, १३, ९ आणि १२, लंब १२. ह्या लंबावरून एक कर्ण १५ येतो. प्रथम १४ ची रेघ कख काढावी. क पासून १५ व ख पासून १३ त्रिज्येचे कंस काढावे. ते ग येथें छेदतील. नंतर कग च्या दुसऱ्या अंगास क पासून १२ व ग पासून ९ त्रिज्येचे कंस काढले कीं घ मिळतो. एका त्रिकोणाचें क्षेत्रफळ ८४, दुसऱ्याचें ५४, एकूण १३८. चार बाजूंचा नियम लावला तर उत्तर १४१ च्या किंचित् खालीं येतें. शेताची मोजणी असती तर ही तफावत कोणा एकाच्या पदरचीच गेली असती!

आजहि आठवीच्या पुस्तकांत चौकोनरचनेच्या प्रत्येक प्रकारांत पांच मापेंच असतात. तें पाठ करून घेण्यापूर्वीं मुलाच्या हातीं चार कामट्या टोकांशीं खिळवून द्याव्या. चौकट कशीहि कलते, बाजू मात्र तेवढ्याच राहतात. मग एक आडवी कामटी बसवावी आणि चौकट पुन्हां हलवून पाहावयास सांगावें. ती हलत नाहीं, हें मुलास कळलें, कीं पाटणच्या मठाची हकीकत त्यास सांगण्याची वेळ आली असें समजावें.