यंत्रनगरींतील तबकड्या

मोटारींचें माहेरघर म्हणून गाजलेल्या अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं कारखाने ओस पडत असतां तेथील कृष्णवर्णीय तरुणांनीं यंत्रांच्या नादांतून 'टेक्नो' हें संगीत घडविलें. त्याच्या तबकड्याही त्यांनीं स्वतःच काढल्या. १९८५ सालीं हुआन अ‍ॅटकिन्स यांनीं 'मेट्रोप्लेक्स', १९८६ सालीं डेरिक मे यांनीं 'ट्रान्समॅट' व १९८७ सालीं केव्हिन साँडरसन यांनीं 'केएमएस' ही संस्था काढली. १९८९ सालीं बर्लिनमध्यें 'हार्ड वॅक्स' हें दुकान निघालें आणि या तबकड्यांना तेथें चोखंदळ गिऱ्हाईक लाभलें. परंतु विक्रीचीं सूत्रें परक्या हातीं गेलीं, तर कर्त्याच्या पदरीं काय उरावें? म्हणूनच १९९२ सालीं माइक बँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डेट्रॉइटमध्येंच 'सबमर्ज' ही वितरणसंस्था उभारली. ज्यांचा नाद, त्यांच्याच हातीं त्याचा व्यवहार राहावा, एवढाच त्यांचा आग्रह होता.