द्युप्वित्रँ संकोच

द्युप्वित्रँ संकोच : तळहाताच्या त्वचेखालील तंतुमय प्रावरणी जाड होऊन आखडत गेल्यामुळे एक वा अधिक बोटे तळहाताकडे कायमची वाकण्याचा विकार. पॅरिसच्या ओतेल-द्य रुग्णालयातील ख्यातनाम शस्त्रवैद्य गीयोम द्युप्वित्रँ (१७७७–१८३५) यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यापासून जिवाला धोका नाही आणि वेदनाही बहुधा नसतात. परंतु त्याचा समूळ नाश करणारा इलाज अद्याप उपलब्ध नसल्याने, बोट सरळ करणे साध्य आणि रोग निपटून काढणे असाध्य, हा भेद ध्यानी धरूनच त्याच्या चिकित्सेचा विचार करावा लागतो.

इतिहास : बाझेल येथील वैद्य फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ मध्ये एका गवंड्याच्या वाकलेल्या बोटांचे वर्णन केले होते, मात्र दोष कंडरांचा असावा, असा त्यांचा समज झाला. लंडनमध्ये हेन्री क्लाइन यांनी १७७७ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे तो प्रावरणीचा असल्याचे दाखविले आणि त्यांचे शिष्य ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये आखडलेला पट्टा छेदण्याची सूचना केली. द्युप्वित्रँ यांनी १८३१ मध्ये एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर ही शस्त्रक्रिया करून त्याच वर्षी त्यावर जाहीर व्याख्यान दिले, आणि तेव्हापासून श्रेय व नाव दोन्ही त्यांच्याकडे गेले.

कारणे व विकृती : विकाराचा कल आनुवंशिक असून उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण विशेष आढळते, त्या मानाने भारतात तो विरळा आहे. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत तो अधिक दिसतो. मधुमेह, मद्यपान व धूम्रपान यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. प्रावरणीतील तंतुजनक पेशींना स्नायुपेशींप्रमाणे आकुंचन पावण्याचा गुण प्राप्त होतो, त्या कोलॅजेन हे प्रथिन वाजवीपेक्षा अधिक निर्माण करतात, आणि परिणामी प्रथम तळहातात गाठ व पुढे बोटाकडे जाणारा ताठ दोर तयार होतो. अनामिका व करंगळी या बोटांना उपसर्ग सर्वांत अधिक होतो. काही रुग्णांत बोटांच्या पेरांवर जाड गादी येणे किंवा तळपायात तशाच गाठी होणे हेही आढळते. तरुण वयातील आरंभ व कुटुंबातील पूर्वीचे दाखले यांच्या जोडीला ही लक्षणे असल्यास रोग चिवट निघण्याचा संभव असतो.

निदान : हात पालथा करून मेजावर ठेवला असता तळहात व बोटे एकाच वेळी सपाट टेकत नाहीत, ही घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा होय. खिशात हात घालताना बोट अडकणे, तोंड धुताना वाकलेले बोट डोळ्यात जाणे, नमस्काराचे तळवे नीट न जुळणे, अशा तक्रारींनी रुग्ण वैद्याकडे येतो. दीर्घकालीन मधुमेहातही सांधे ताठरून तळवे जुळत नाहीत, परंतु तेथे बहुतेक सर्व बोटे सारखीच आखडतात. आपल्याकडे कुष्ठरोगजन्य वक्र हातापासून हा विकार वेगळा ओळखणे महत्त्वाचे आहे : कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाल्याने बोटाच्या मुळाचा सांधा मागे ताणला जाऊन पुढचे सांधे वाकतात, स्पर्शज्ञान हरपते आणि तळहातात दोर हाताला लागत नाही, द्युप्वित्रँ संकोचात मुळाचा सांधाच बहुधा प्रथम वाकतो व स्पर्श शाबूत राहतो. म्हणूनच वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांसाठी रूढ केलेली कंडरा-स्थलांतराची शस्त्रक्रिया येथे गैरलागू ठरते.

चिकित्सा : केवळ गाठ असून बोट सरळ होत असेल, तर काही न करता मुदतीमुदतीने तपासणी करणे हाच योग्य मार्ग होय; मालीश, ताणाचे व्यायाम किंवा पट्ट्या यांनी संकोच थांबल्याचे सिद्ध झालेले नाही. आरंभीच्या अवस्थेत क्ष-किरणांचा उपचार काही ठिकाणी दिला जातो. मुळाचा सांधा सुमारे ३० अंश वाकला, किंवा मधला सांधा आखडू लागला, म्हणजे हस्तक्षेपाचा विचार करतात. मधल्या सांध्याच्या बाबतीत हयगय परवडत नाही. तो दीर्घकाळ वाकलेला राहिल्यास त्याचे बंधही आखडतात आणि दोर काढूनही तो पुरता सरळ होत नाही.

सर्वांत सौम्य उपाय सुईचा. फ्रेंच संधिवाततज्ज्ञांनी १९७० च्या दशकात तो प्रचारात आणला. त्वचेपुरतीच भूल देऊन सुईच्या टोकाने दोर ठिकठिकाणी खिळखिळा करतात व बोट ताणून तो तोडतात. खोलवरची संवेदना मुद्दाम जागी ठेवलेली असल्याने मज्जातंतूला सुई लागताच रुग्ण तसे सांगू शकतो. दुसरा उपाय कोलॅजेन विरघळविणाऱ्या, जंतूंपासून मिळविलेल्या विकराचे इंजेक्शन थेट दोरात देण्याचा असून, त्यानंतर एक ते तीन दिवसांनी बोट ताणून दोर तोडला जातो. अमेरिकेत २०१० मध्ये त्यास परवानगी मिळाली. युरोपच्या बाजारातून मात्र उत्पादकाने ते २०२० मध्ये काढून घेतले. त्वचा फाटणे आणि क्वचित कंडरा तुटणे हे त्याचे धोके होत.

तिसरा व सर्वाधिक रूढ उपाय म्हणजे विकृत प्रावरणी कापून काढणे. दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवून, नागमोडी छेदातून दोर मोकळा करतात. या कामी शस्त्रवैद्याची खरी कसोटी बोटाच्या मज्जातंतूपाशी लागते : दोर त्याच्याभोवती वेढा घालून त्यास मध्यरेषेकडे व त्वचेच्या निकट ओढून आणतो, त्यामुळे जेथे तो असण्याची अपेक्षा नसते नेमका तेथेच तो सुरीखाली येतो. तळहाताचा आडवा छेद टाके न घालता उघडा ठेवण्याची पद्धत मॅककॅश यांनी १९६४ मध्ये पुरस्कारिली. जखम काही आठवड्यांत आपोआप भरते आणि आत रक्त साचत नाही. पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या रोगात विकृत प्रावरणीबरोबर वरची त्वचाही काढून तेथे अन्यत्रची त्वचा रोपण करतात. शस्त्रक्रियेनंतर बोटांची हालचाल लवकर सुरू करणे आवश्यक असते. रात्री पट्टी बांधण्याची प्रथा जुनी असली, तरी ती सरसकट सर्वांना बांधण्यात लाभ आढळलेला नाही. बधिरता, जंतुसंसर्ग, ताठरपणा व क्वचित हाताची चिवट वेदनामय सूज हे उपद्रव संभवतात.

फलानुमान : इलाज जितका सौम्य तितकी बरे होण्याची मुदत अल्प, पण संकोच परतण्याचा संभव अधिक, असा सर्वसाधारण न्याय येथे लागू पडतो. नेदरलँड्समधील तुलनात्मक अभ्यासात (२०१२) पाच वर्षांनंतर सुईने इलाज केलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के, तर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के रुग्णांत संकोच परतलेला आढळला. तथापि सुईचा इलाज पुन्हा करता येतो, उलट शस्त्रक्रियेने व्रण पडलेल्या हातावर दुसऱ्यांदा सुरी चालविणे अधिक जोखमीचे असते. वृद्ध, अशक्त अथवा काम तहकूब ठेवणे न परवडणाऱ्या रुग्णास सुई, आणि तरुण वयातील आक्रमक रोगास विस्तृत शस्त्रक्रिया, अशी तजवीज त्यामुळे बहुधा केली जाते. अंतिम निवड मात्र रुग्णाचा व्यवसाय, वय व पुनरावृत्ती सोसण्याची तयारी यांवर अवलंबून राहते.